दोन हाकांची फटफटी

शिदू, तो पाना खाली ठेव आणि नुसतं ऐक. मधे काही विचारू नकोस, आणि हसलास तर उठून जाईन, आधीच सांगतो. चार वर्षं झाली, मी हे कुणाला सांगितलेलं नाही. घरात पण नाही. तुम्हा सगळ्यांना वाटतं, भरम्यानं वेसरगडात शर्यत विकली म्हणून त्याला हाकलला. वाटतं ना? तोंडावर कुणी बोलत नाही एवढंच. मग ऐक.

सकाळची वेळ. फटफटीवाल्या गुलाबचाचाच्या मागं मी पहिल्यांदा सुटलो तो दिवस. परात दवानं ओली होती, पोती फिरवून पुसून घेतली. परात म्हणजे आमचा सायकलींचा गोल. सिमेंटचा, कडेनं वर चढत गेलेला, लांबून बघितलं तर उताणी परातच. वेसरगडच्या राजेसाहेबांनी विलायतेत असला गोल बघितला आणि इकडं बांधून घेतला. पैलवान पाळतात ना, तसे आम्हाला पाळले होते. सहा जण. दूध, बदाम, मालिश, आणि सायकल मारायची. तीच नोकरी. आमच्या आज्याला पटेचना. म्हणायचा, "आरं, सायकल मारल्याचा पगार देत्यात, का मारून घेतल्याचा?"

पण मी अजून कच्चा होतो. उमेदवार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या होमीशी शर्यत होती, फटफटीमागची. पन्नास फेऱ्या. आमचे व्यवस्थापक इनामदारसाहेब, त्यांनी सरळ सांगितलं होतं, "जिंकलास तर पक्की नेमणूक. हरलास तर त्याच दिवशी गाठोडं बांध." आणि घरी काय होतं माझं, तुला माहीत आहे. भावकीनं रान दाबलेलं, मी परत आलो तर दुसऱ्याच्या औतामागं चालायचं.

तर फटफटीमागची शर्यत म्हणजे काय, तर पुढं चाचा फटफटीवर, कातडी कोट घालून, ताठ उभ्यानं. वारा सगळा त्यानं अंगावर घ्यायचा. फटफटीच्या मागं लोखंडी रूळ, त्याला आम्ही लाटणं म्हणायचो. लाटण्यापासून चार बोटांवर माझं पुढचं चाक. पाच बोटं झाली की वारा आत शिरतो आणि तू भिंतीवर आपटल्यासारखा मागं पडतोस. तीन झाली की चाक लाटण्याला कधी घासेल सांगता येत नाही. सरळीवर घासलं तर वाचतोस. चढावर, म्हणजे वळणाच्या उभ्या भिंतीवर, घासलं तर नाही वाचत. सायकलला ब्रेक नाही, पायडल सुटं फिरत नाही, आणि डोळ्यांसमोर फक्त चाचाची पाठ. त्या पाठीमागं असं असतं बघ, ताशी चाळीस मैल चाललाय आणि कपाळावरचा घाम वाळत नाही. पान हलत नाही म्हणतात तसं. बंद खोलीत पळाल्यासारखं.

म्हणून हाक लागते. सायकलवाल्यानं मागून हाक द्यायची आणि फटफटीवाल्यानं मूठ पिळायची नाहीतर सोडायची. चाचाच्या कातडी टोपीला कान होते ना, ते मागं तोंड करून शिवलेले होते. पुढचं काही ऐकायचंच नाही, फक्त मागचं. आणि हाक ठरवायची रीत होती. दोघांनी एका पेल्यातलं दूध प्यायचं आणि आपली हाक सांगायची. माझी साधी, औतावरची. पळवायचं तर "हुर्र", आवरायचं तर "हो हो". एकदा हाक दिली की त्या फटफटीला दुसऱ्या कुणाची हाक चालत नाही. कुणी नोकरी सोडून निघाला की फटफटीवाल्यानं त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं, "तुझी हाक तुला परत." मगच नवा माणूस मागं घ्यायचा. एका फटफटीला दोन हाका म्हणजे घात. सगळे मानायचे, कोटटाय घालणारे इनामदारसाहेबसुद्धा.

माझ्या आधी चाचाच्या मागं आनंदा होता. धनगराचा पोरगा. त्याची हाक म्हणजे शीळ. मेंढरं वळवायची शीळ असते ना, जीभ दुमडून, बोटं न लावता, या डोंगरावरनं त्या डोंगरावर जाणारी, ती. एक लांब शीळ म्हणजे पळव. दोन तुटक म्हणजे आवर. त्या वेगात तोंड कोरडं ठणठणीत पडतं, थुंकी गिळता येत नाही, आणि हा शीळ घालायचा. दुसऱ्या कुणाला जमलीच नाही कधी.

माझ्या आदल्या वर्षी आनंदा पडला. वरच्या चढावर. वारं सुटलेलं, राजेसाहेब घड्याळ घेऊन उभे, विक्रम करायचा होता. चाचानं सांगितलं, त्यानं हाकच दिली नाही. मग लोक म्हणायला लागले, पोरगं माजलं होतं, आवर म्हणायला लाज वाटली त्याला. त्याची आई, हौसाक्का, आमच्या खुराकाचं दूध तापवायची. ती त्या दिवशी चुलीपाशी होती, तिनं काही बघितलं नाही. पोरगा गेला तरी तिथंच राहिली. चाचाला भाऊ मानायची. भाऊबीजेला ओवाळायची त्याला.

हां, तर ती पहिली सकाळ. सुटलो, दोन फेऱ्या झाल्या, पाय मोकळे झाले, आता जरा वेग पाहिजे असं नुसतं मनात आलं आणि चाचानं मूठ पिळली. मी हाक दिलीच नव्हती! मग चढावर जरा दम लागला तर त्यानं सोडली. अरे, माझे पाय त्याच्या मुठीला बांधल्यागत. पंचवीस फेऱ्या मारल्या, तोंडातनं एक शब्द काढला नाही. उतरलो तर इनामदारसाहेब खूश.

मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला न सांगता कसं हो कळतं?"

चाचा कमी बोलणारा माणूस. हातमोजे काढत म्हणाला, "न सांगता कसं? तूच तर घालत होतास शीळ."

"कसली शीळ?"

"चेष्टा करू नको, बेटा."

"आईशपथ चाचा, मी तोंड उघडलं नाही. आणि माझी हाक हुर्र आहे. आपण दूध प्यायलो की काल!"

चाचाचा हातमोजा अर्धाच निघाला होता. तो तसाच ठेवून तो शेडमधे निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बिघडलं. चाचा माझ्या हाकेची वाट बघायला लागला. आणि वाट बघताना मधेच दचकायचा. मूठ पिळल्यासारखी करायचा, थांबायचा, मान जरा मागं वळवायचा. मी चार बोटांचा सहा बोटांवर, सहाचा दोनवर. दोनदा लाटण्याला चाक लागलं, सरळीवर लागलं म्हणून बसलोय इथं. आठ दिवस हे चाललं. इनामदारसाहेब म्हणाले, "भरमू, हे असंच असेल तर दसऱ्याची वाट कशाला बघायची? आजच जा की."

त्या दिवशी मी चाचाला गाठला. फटफटीखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. फक्त पाय दिसत होते.

"चाचा, ऐकू येते ना तुम्हाला अजून?"

पाना दोनदा फिरला. मग खालूनच म्हणाला, "रोज."

"मग तुम्ही त्याची हाक परत का नाही केली?"

"कुणाला करू? समोर कोण उभं राहणार घ्यायला?"

शिदू, आता मला सांग, मी तिथंच पाय लावून पळायला पाहिजे होतं की नाही? पण मला काय दिसत होतं, तर ते दुसऱ्याचं औत. आणि पहिल्या दिवशी कसले पळलो होतो आम्ही! मी खाली वाकलो आणि म्हटलं, "मग जाऊ द्या ना. त्या शिळेवर चालवा. माझी काही हरकत नाही."

पान्याचा आवाज थांबला.

"एका फटफटीला दोन हाका होतात, बेटा."

"माझी हाक मी देणारच नाही. एकच राहील."

"एक शीळ आली तर पळवीन. दोन आल्या तर?"

"दोन आल्या तर सोडा मूठ," मी म्हटलं. असं, पटकन. पाणी मागावं तसं.

चाचा खालून सरकत बाहेर आला. माझ्याकडं बघितलं त्यानं, आणि मान हलवली.

मग पुढचे आठ दिवस काय सांगू तुला! आम्ही उडत होतो रे. बाकीचे पाच जण सायकली टाकून काठावर येऊन बघायचे. मी एक शब्द बोलायचो नाही आणि फटफटी माझ्या पायांनी श्वास घेतल्यासारखी चालायची. एकदाच काय झालं, मी सहज मागं बघितलं. मागं बघायचं नसतं. कुणी नव्हतं, परात रिकामी. पण फटफटीमागं पाठीवर वारा घुमून येतो ना, तो लागत नव्हता, शिदू. पुढनं चाचा अडवतो ते ठीक. मागनं कोण अडवत होतं? मी पुन्हा बघितलं नाही.

हौसाक्का दुधाचा पेला देताना म्हणायची, "पी रं, साय काढू नगंस. आनंदा काढायचा." मी सायीसकट प्यायचो, तिच्याकडं न बघता.

शर्यतीच्या दिवशी अख्खं वेसरगड लोटलेलं. धनगरवाड्यावरची माणसं खांद्यावर घोंगडी टाकून काठावर बसलेली. होमी दिसायला काटकुळा, चष्मेवाला, हसरा. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पडू नको हां, बाबा. मला रक्त बघून चक्कर येते." बंदूक वाजली, मी चाचाच्या मागं, तो त्याच्या फटफटीमागं, सुटलो.

वीस फेऱ्या बरोबरीनं. एकविसाव्या फेरीला चाचानं मूठ पिळली आणि आम्ही निघालो. तिसाव्या फेरीला होमी पाव गोल मागं. चाळिसाव्याला अर्धा गोल मागं. लोक ओरडत होते, "भरम्याऽऽ भरम्याऽऽ!" मी दात आवळून मनातल्या मनात पक्की नेमणूक, पक्की नेमणूक असं पायांच्या तालावर म्हणत होतो. खरंच. सत्तेचाळीस झाल्या. तीन राहिल्या. आम्ही वरच्या चढावर शिरलो.

आणि लोक गप्प झाले.

एकदम. हजार माणसं ओरडतायत आणि कुणीतरी झाकण घातलं. मला फक्त फटफटी ऐकू येत होती. मला वाटलं कुणी पडलं. बघायला वेळ नव्हता, कारण त्याच क्षणी चाचानं मूठ सोडली. पूर्ण सोडली. लाटणं अंगावर आलं, चार बोटं, दोन, एक, मी सायकल वर काढली, सिमेंटच्या अगदी कडेपर्यंत गेलो, कसा वाचलो देव जाणे. मी ओरडलो, "हुर्र! हुर्रऽऽ! चाचा, हुर्र!" घसा फुटेपर्यंत. आणि त्या कानाच्या टोपीतला माणूस, मागचंच ऐकायला बसवलेला, त्यानं माझं ऐकलं नाही. एक हात वर केला होता त्यानं, तळहात मागं दाखवून, आणि म्हणत होता, "सोडली रे बाळा. सोडली. ऐकलं मी. सोडली."

होमी बाजूनं गेला. मी नुसत्या पायांनी मारत राहिलो, पण वारा आला होता अंगावर. हरलो.

शेडमधे गेलो तो चाचाला मारायलाच. आधी सायकल उलटी करून बघितली, म्हटलं काहीतरी झालं असेल, टायर सुटला असेल, ज्याच्यासाठी थांबवलं. काही नाही. टायर पक्का, चेन पक्की, सगळं ठणठणीत. मी त्याची कॉलर धरली.

"का सोडलीत? तीन फेऱ्या होत्या फक्त! का?"

"दोन आल्या," चाचा म्हणाला. "तूच म्हणालास, दोन आल्या तर सोडा."

"मला काही ऐकू आलं नाही."

"त्या दिवशीही तीनच राहिल्या होत्या." त्यानं माझा हात कॉलरवरून काढला नाही. "त्याच चढावर. दोन शिळा घातल्या त्यानं. मी ऐकल्या, बेटा. स्वच्छ. वारा होता, दुसऱ्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मला वाटलं, तीनच तर फेऱ्या. राजेसाहेब उभे आहेत. मी नाही सोडली."

"तुम्ही तर सांगितलंत, त्यानं हाकच दिली नाही."

"सांगितलं."

तेवढ्यात शिपाई आला बोलवायला.

इनामदारसाहेबांच्या खोलीत होमी पण होता, टॉवेल गळ्यात. साहेबांचा चेहरा कसातरीच झाला होता. म्हणाले, "होमी, सांगा."

होमी आता हसत नव्हता. म्हणाला, "तुमचा पोऱ्या दोनदा शीटी मारला, साहेब. मी अर्धा गोल लांब होतो, मी क्लिअर ऐकला. समदा पब्लिक ऐकला."

तेव्हा मला कळलं, शिदू. लोक का गप्प झाले ते. सगळ्यांनी ऐकली होती. धनगरवाडा उठून उभा राहिला होता म्हणे. हजार माणसांनी ऐकली आणि जिथनं ती आली म्हणतात तिथं मी बसलेलो, मला एकट्याला ऐकू आली नाही.

साहेब म्हणाले, "मी एकच विचारतो. शीळ तू घातलीस का? घातली असशील तर तू जाणूनबुजून आवर म्हणालास, शर्यत विकलीस. नसशील घातली, तर गुलाबनं तुझ्या हाकेशिवाय मूठ सोडली, म्हणजे तो हाक मानत नाही. आणि मग मला त्याचं गेल्या वर्षीचं प्रकरणही फौजदारापुढं उघडावं लागेल. बोल. हो की नाही?"

चाचा दारापाशी उभा. काही खुणावलं नाही त्यानं, हात जोडले नाहीत, काही नाही. नुसता उभा, फटफटीवर उभा राहतो तसा. आणि मला सारखं ते ऐकू येत होतं, माझंच, दोन आल्या तर सोडा मूठ. कुणी म्हणायला लावलं होतं मला?

"हो," मी म्हटलं. "मीच घातली."

होमी उठून बाहेर गेला. साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही परत. म्हणाले, "आनंदाची नक्कल करताना तुला लाज वाटायला पाहिजे होती."

झालं. गाठोडं बांधलं. ऊन अजून होतं. फाटकाकडं जायचा रस्ता दुधाच्या चुलीवरनं. मी म्हटलं, मान खाली घालून निघून जाऊ. पण हौसाक्का रस्त्यातच उभी होती, पेला घेऊन. मला वाटलं शिव्या देणार. तिनं पेला हातात दिला.

"पी. उपाशी जाऊ नगंस."

मी प्यायलो. साय तशीच होती वर.

"भरमू, सायबापुढं हो म्हणालास म्हनं."

"हो."

"तुला कुनी शिकवली रं तसली शीळ?"

मी पेला हातात फिरवत राहिलो.

"आमच्यात बी एकट्या त्याच्या बापाला येत हुती, आन् त्याला. म्या चुलीपाशी ऐकली. हातातलं पातेलं पडलं बघ." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोक म्हंत्यात, माझ्या पोरानं मरताना हाक दिली न्हाई, माजला हुता. म्या म्हंते, दिली आसंल. वाऱ्यात गेली आसंल कुटंतरी. गुलाबभाऊला ऐकू आली न्हाई, त्यात त्याचा काय दोष?"

मी पेला खाली ठेवला. तिच्या मागं, शेडच्या दारात, चाचा येऊन उभा होता. टोपी अजून डोक्यावर. सगळं ऐकत होता. तिला तो दिसत नव्हता, मला दिसत होता.

"तुला येतीया तर एक काम कर," हौसाक्का म्हणाली. "जायच्या आधी एकदा घाल. एकदाच. म्या डोळं मिटून ऐकते, मग तू जा."

आणि तिनं खरंच डोळे मिटले, शिदू. तिथंच, भर रस्त्यात, हात पोटाशी धरून. समोर ती अशी उभी, मागं तो तसा उभा, आणि दोघंही माझ्या तोंडाकडं कान लावून. परातीवर वारं पडलं होतं, एक कागद हलत नव्हता.

ती वाट बघत होती रे. आणि मला शीळ येत नाही, खरं सांगावं तर चाचा फौजदारापुढं.

आता बोल. तू माझ्या जागी असतास, तर काय केलं असतंस?